कांदा, कारा आणि साडेपाचशे काड्या : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

विषय मंजूर झाला. मी अर्जावर दीड ओळीचं शीर्षक लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून वर पेन्सिलीने लिहिलं, "पेशीतल्या तंतूंचं जाळं कसं तयार होतं?" आणि त्याखाली, "आणि ते तुला कळणार कसं?" हा दुसरा प्रश्न माझ्या अर्जात नव्हता.

एमएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय भौतिकशास्त्र. हाताशी काय आहे तर वनस्पतीशास्त्राकडून उसना आणलेला ४०० पटींचा मायक्रोस्कोप, माझा मोबाईल आणि चार वर्षांचा लॅपटॉप. हे जाळं ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या तंतूंचं, आणि एका तंतूची जाडी ७ नॅनोमीटर. साध्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं काही वेगळं दिसत नाही. म्हणजे ज्या जाळ्यावर प्रकल्प करायचा त्यातला एकही तंतू मला दिसणार नाही. ज्यांच्याकडे सोय असते ते अमानिटा नावाच्या जहरी अळंबीतलं फॅलॉइडिन वापरतात. ते ॲक्टिनला घट्ट धरतं, त्याला चमकणारा रंग जोडला की तंतू उजळतात. आमच्याकडे ना तो रंग, ना तसा मायक्रोस्कोप.

ठरलं असं : अर्धं काम जिवंत पेशीवर, अर्धं संगणकावर.

४ डिसेंबर

बुधवार, म्हणून नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून अर्धा किलो लाल कांदा. घरून आणलेले उन्हाळ कांदेही आहेत, पण कांदाचाळीत राहून त्यांना कोंब फुटलेत. दोन्हींची साल काढून बघितली. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढला की सरळ निघतो, आणि कांदा लाल असला तरी तो बिनरंगी असतो. लाल रंग बाहेरच्या बाजूच्या पेशींत.

स्लाइड केली, सवयीने आयोडीनचा थेंब टाकला. पेशी छान आखीवरेखीव दिसल्या, केंद्रक पिवळसर. तास गेला, काहीच हलेना. लॅबचे काका मागून बघून म्हणाले, "ताई, आयोडीन टाकल्यावर काय हलणार? मेलं ते."

शाळेपासून कांद्याची पेशी म्हणून आपण काढतो ती आकृती मेलेल्या पेशीची असते. माझ्या तरी हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

५ डिसेंबर

आज दिसलं!

नुसत्या पाण्यात पापुद्रा ठेवला, कव्हरस्लिप टाकली आणि वीस मिनिटं हात लावला नाही. पापुद्रा ओढताना पेशींना धक्का बसतो, त्यातून सावरायला त्यांना वेळ द्यावा लागतो. मग कंडेन्सरखालची झडप जवळजवळ बंद केली. उजेड कमी झाला तशा बारीकसारीक कडा दिसू लागल्या.

आधी वाटलं डोळ्यापुढे ठिपके येतायत. मग कळलं की ठिपके ओळीने चाललेत. पेशीच्या भिंतीलगत एक पट्टा, त्यातून मोहरीहून कितीतरी बारीक असे चकचकीत कण डावीकडून उजवीकडे. पेशीच्या मधून केंद्रकाकडे जाणारे दोन-तीन धागे, पेशीद्रवाचे. त्यातल्या एकावर कण जात होते आणि त्याला जवळजवळ चिकटून असलेल्या दुसऱ्यावर येत होते. एक कण मध्येच थांबला, मागे सरकल्यासारखा झाला, पुन्हा निघाला. मी अकरा ते दीड तशीच वाकून बसले होते, मान आत्ताही दुखतेय.

हे कण स्वतः पोहत नाहीत. मायोसिन नावाचं मोटर प्रोटीन त्यांना पाठीवर घेऊन ॲक्टिनच्या दोरांवरून चालतं. कसारा घाटात रात्री वरून बघितलं तर रस्ता दिसत नाही, दिव्यांची रांग वळते तिथे रस्ता वळतो एवढंच कळतं. माझं सगळं निरीक्षण त्या जातीचं राहणार.

पेशीतलं हे वाहणं पहिल्यांदा नोंदवलं बोनाव्हेंतुरा कोर्ती या इटालियनाने, १७७४ मध्ये, कारा या पाणवनस्पतीत. ॲक्टिन सापडलं १९४२ मध्ये, हंगेरीत सेगेडला सेंट-ग्यॉर्गींच्या प्रयोगशाळेत, ब्रूनो श्ट्राउब यांना, आणि तेही स्नायूत. म्हणजे दिवे दिसल्यानंतर डांबराचा शोध लागायला १६८ वर्षं.

९ डिसेंबर

वेग मोजला. मोबाईल आयपीसवर धरून व्हिडिओ, मग एकेक फ्रेम पुढे ढकलत कण आयपीसमधल्या मापपट्टीच्या किती रेघा ओलांडतो ते. दहा पेशी, प्रत्येकी पाच कण. सरासरी सेकंदाला २१ मायक्रोमीटर. मॅडमना उत्साहाने मेसेज केला.

१० डिसेंबर

२१ नाही. मी आयपीसच्या रेघेची किंमत १० पटींच्या ऑब्जेक्टिव्हवर ठरवली आणि मोजणी केली ४० वर. पुन्हा स्टेज मायक्रोमीटर (ठरलेल्या मापाच्या रेघा कोरलेली काच) लावून बघितलं : ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली ४० रेघा बरोबर १०० मायक्रोमीटरवर बसतात, म्हणजे रेघ २.५ मायक्रोमीटरची. मी १० धरली होती. सगळे आकडे चौपट फुगलेले. खरा वेग सेकंदाला ५ च्या आसपास.

मॅडमचं उत्तर काल रात्रीच आलं होतं, मी सकाळी बघितलं : "कांद्यासाठी फार वाटतो. रेघा तपास."

१७ डिसेंबर

थंडी. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या. लॅबच्या खिडक्या मुद्दाम उघड्या टाकून सकाळी साडेसातला आले, स्टेजजवळ १४ अंश. त्याच कांद्याचा पापुद्रा सकाळी आणि मग दुपारी हीटर लावून २६ अंशांवर.

सकाळी सेकंदाला २.५ मायक्रोमीटर, दुपारी ५.४. फरक डोळ्यांनाच कळत होता, आकडे काढायचीसुद्धा गरज नव्हती.

वहीत लिहिलं : "थंडीत जाळं कमकुवत होतं."

(६ फेब्रुवारीची नोंद बघा. हे वाक्य खोडायचं नाही असं ठरवलंय, चूक कुठे झाली ते दिसलं पाहिजे.)

२१ डिसेंबर

आज नुसतं वहीवर गणित, पण या महिन्यातलं सगळ्यात समाधानाचं.

मनात शंका होती : कण पुढे सरकतात ते मोटरमुळेच कशावरून? तंतू टोकाला वाढतो, वाढता वाढता तोच कणाला पुढे ढकलत असेल. लिस्टेरिया हा जिवाणू तर पेशीत असाच सरकतो, मागे ॲक्टिनची शेपटी वाढवत.

मग आकडे घेतले. ॲक्टिनच्या तंतूची दोन टोकं सारखी नसतात. वेगाने वाढणाऱ्या टोकाला, द्रावणात एक मायक्रोमोलर (हे द्रावणातल्या प्रमाणाचं माप) सुटं ॲक्टिन असेल तर, सेकंदाला साधारण ११.६ घटक, म्हणजे ॲक्टिनचे सुटे रेणू, येऊन जोडले जातात. तिथून साधारण १.४ गळतात. हिशेब शून्यावर येतो तो ०.१२ मायक्रोमोलरला. त्याच्या खाली हे टोक झिजतं, वर असेल तर वाढतं. दुसरं टोक आळशी, ते ०.६ च्या आसपास जमा-खर्चाला येतं. या दोघांच्या मधलं काही असेल तर एका टोकाला भर आणि दुसऱ्या टोकाला गळती, एकाच वेळी. तंतूची लांबी तीच राहते, घटक मात्र बदलत राहतात. हे चालतं एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या, खर्चावर, फुकट नाही.

आता सुटं ॲक्टिन उदार होऊन १० मायक्रोमोलर धरू. सेकंदाला ११६ घटक. एका घटकाने लांबी वाढते २.७ नॅनोमीटर. गुणाकार : ३१३ नॅनोमीटर, म्हणजे ०.३ मायक्रोमीटर. माझे कण चालतात ५ ने. सोळापट फरक. म्हणजे नुसत्या वाढीच्या जोरावर हे होणं शक्य नाही, वर कुणीतरी चालतंय.

माझी स्वतःची मोजणी कुठल्यातरी मोठ्या प्रश्नाला नाही म्हणायला उपयोगी पडली, हे पहिल्यांदाच.

२९ डिसेंबर, गावी

सुट्टीत घरी. द्राक्षं आता पाणी उतरायच्या आधीच्या अवस्थेत, मांडवावर वजन वाढत चाललंय. गेल्या वर्षीच्या अवकाळीत आमचा पूर्वेकडचा अर्धा एकर मांडव आडवा झाला होता. तेव्हा मी परीक्षेत होते, फक्त फोटो बघितले. या वेळी पप्पांबरोबर फिरून नीट बघितलं.

माझा प्रश्न साधा होता : तारा तर तुटल्या नव्हत्या, मग मांडव पडला कसा?

पप्पा म्हणाले, "तार कशाला तुटतीय? कोपऱ्याचा ताण सुटला." मग दाखवलं. ओळीच्या शेवटच्या अँगलला, म्हणजे लोखंडी खांबाला, बाहेरच्या बाजूने तिरकी तार असते, जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली. पावसाने माती सैल झाली, दगड उपसून आला, शेवटचा अँगल आत झुकला. मग सगळ्या तारा एकदम ढिल्या. वेल, घड, पानं, तारा, सांधे सगळं जागेवर, जोडलेलं, आणि तरी सगळं जमिनीवर.

मी म्हटलं, मग जास्त तारा टाकायच्या. ते हसले. "आडव्या तारा किती पण टाक. चौकोन चौकोनच राहतो, कलायचा तर कलतोच. तिरकं काहीतरी पाहिजे, नाहीतर अँगलच एवढा जाड पाहिजे की वाकणार नाही."

संध्याकाळी ओट्यावर बसून हेच वहीत उतरवलं. मॅक्सवेलने १८६४ मध्ये याचंच गणित मांडलं होतं : सपाट चौकटीत प्रत्येक सांध्याला दोन दिशांनी हलायची मोकळीक, प्रत्येक दांडी त्यातली एक मोकळीक काढून घेते, आणि दांडी दोन सांध्यांत वाटलेली. म्हणून चौकट ताठ राहायला प्रत्येक सांध्यावर सरासरी चार दांड्या लागतात. दोन तंतू एकमेकांना ओलांडतात तिथे सांध्यातून चार दिशांना तुकडे निघतात. पण तंतूच्या शेवटच्या सांध्यापुढे काही नसतं, तिथे तीनच किंवा दोनच. सरासरी चारच्या खालीच राहणार, कितीही तंतू टाका.

मग पेशी ढासळत का नाही?

५ जानेवारी २०२५, रविवार

रूमवर काड्यांचा प्रयोग. संगणकात घालण्याआधी हाताने करून बघावं असं मॅडमचं म्हणणं. दुकानातून काडेपेट्यांचा डझनाचा पुडा आणला. दुकानदार म्हणाले, "होळीला अजून वेळ आहे."

फरशीवर ४० सेंटिमीटरचा चौकोन खडूने आखला. काडी मोजून ४ सेंटिमीटर. डोळे मिटून काड्या टाकायच्या, वीस-वीसच्या घासाने, आणि दर वेळी बघायचं : डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत काडीवरून काडीवर पाय ठेवत जाता येतं का?

रूममेट कॉमर्सची. तिने हे काम माझ्याहून मनावर घेतलं. ती बोट ठेवून वाट शोधायची, मी नोंद करायची. २०० काड्यांना बेटं, दोनतीन काड्यांची. ३०० ला बेटं मोठी. ४०० पर्यंत एक बेट चौकोनाच्या मध्यापर्यंत आलेलं, पण उजवीकडे दोन बोटांची फट. ४८० ला फट तशीच. ५२० ला ती ओरडली, "थांब, थांब!" आणि बोट न उचलता डावीकडून उजवीकडे गेली, मध्ये एकदा खाली जाऊन, वळसा घालून. दुसऱ्या फेरीला ६०० लागल्या. आधी पुडा पुरला नाही, खाली जाऊन अजून दोन पेट्या आणल्या. तिसऱ्या फेरीला ५६०.

गणित सांगतं : काडीची लांबी एक धरली तर एकक क्षेत्रफळात सरासरी ५.६४ काड्या झाल्या की वाट आरपार जाते. माझ्या चौकोनात काडीच्या मापाने १०० एककं, म्हणजे ५६४ काड्या. चौकोन लहान म्हणून आकडा मागेपुढे होणारच, तरी तीन फेऱ्या ५६४ च्या दोन्ही बाजूंना पडल्या याचा आनंद झाला. त्या क्षणी प्रत्येक काडी सरासरी साडेतीनच्या वर दुसऱ्या काड्यांना शिवत असते.

झोपताना रूममेटने विचारलं, "पण ५०० ला काहीच नाही आणि ५२० ला एकदम? अर्धी वाट वगैरे नसतेच?" खरंच नसते. हळूहळू वाढत जाणाऱ्या गोष्टीतून अचानक निघणारी गोष्ट, म्हणून तर भौतिकशास्त्रवाल्यांना हे आवडतं.

१३ जानेवारी

तेच आता पायथनमध्ये. चौकोनाची बाजू काडीच्या वीसपट. गणिताने २२५५ काड्या लागायला हव्यात. २००० ला वाट क्वचित निघते, २५०० ला बहुतेक वेळा.

पहिला प्रोग्राम प्रत्येक काडी प्रत्येक काडीशी ताडून बघत होता, पंचवीस लाख जोड्या, एका फेरीला चहा होऊन थंड व्हायचा. चौकोनाचे बारीक खण पाडून फक्त शेजारच्या खणांत शोधलं, आता काही सेकंदांत होतं.

यातून हाती लागलेली महत्त्वाची गोष्ट लांबीची. लागणाऱ्या काड्यांची संख्या लांबीच्या वर्गाने उतरते. काडी दुप्पट लांब केली तर काड्या चौथाई लागतात, म्हणजे लाकूड निम्मं. उलटीकडून बघा : तेवढंच प्रोटीन ठेवा, फक्त प्रत्येक तंतूचे दोन तुकडे करा. तंतू दुप्पट झाले, पण लागणार चौपट. जाळं कोसळलं, आणि एक रेणूही कमी झाला नाही. पेशीकडे असं कापणारं प्रोटीन खरोखर आहे, जेलसोलिन. कॅल्शियम वाढलं की ते तंतू कापतं. हेलन यिन आणि थॉमस स्टॉसेल यांनी १९७९ मध्ये ते शोधलं. जेलीचं पातळ द्रावण, म्हणजे सोल, करतं म्हणून नावच तसं.

अजून एक : काड्या एकमेकींवर पडल्या की जोडल्या गेल्या असं मी धरलंय. पेशीत नुसतं शिवून भागत नाही. मध्ये सांधणारं प्रोटीन लागतं. फॅसिन तंतूंना चिकटून जुडगे बांधतं, काड्यांची मोळी असते तसे. अल्फा-ॲक्टिनिन ३५ नॅनोमीटरच्या आसपास लांब, ते सैल सांधतं. फिलॅमिन इंग्रजी व्हीच्या आकाराचं, ते तंतू एकमेकांना आडवे धरतं. अर्प-दोन-तीन हे संकुल तर चालू तंतूच्या अंगावरून ७० अंशांत नवी फांदीच काढतं. तंतू तेच, सांधा बदलला की जुडगा, जाळं किंवा झाड. प्रोग्राममध्ये प्रत्येक भेटीला चिकटायची शक्यता घातली. ती निम्मी केली की काड्यांची गरज बरीच वाढते.

२३ जानेवारी

त्र्यंबक रस्त्यावर निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या, रिक्षा वळसा घालून आली, उशीर. काम काही नाही. उन्हाळ कांदे आता अगदीच पोकळ झालेत, टाकून दिले.

२ फेब्रुवारी

कारा मिळालं. सिन्नर तालुक्यात मावशीच्या शेताजवळच्या जुन्या दगडी टाकीत, पाणी स्वच्छ आणि जड, तळाशी हिरवा गालिचा. हात घातला की खरखरीत लागतं, अंगावर चुना धरतं म्हणून. वास लसणासारखा उग्र. मावशीने विचारलं, "हे घेऊन काय करणार? म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत." दोन बाटल्या भरल्या, त्याच टाकीचं पाणी घातलं.

एसटीत बाटलीचं झाकण सैल झालं. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावून सिन्नर ते नाशिकचा द्वारका चौक प्रवास केला.

४ फेब्रुवारी

काराच्या दोन पेरांमधली पेशी काही सेंटिमीटर लांब असते, एकच पेशी, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. पण आमच्या जातीत तिच्यावर बारीक पेशींचं आवरण आहे, आतलं धड दिसेना. दोन तास गेले. मग मॅडमनी सुचवलं की बारीक फांद्यांच्या टोकाच्या पेशी बघ, त्या उघड्या असतात.

बघितलं, आणि कांदा एकदम गावठाण वाटायला लागला. इथे कण भटकत नाहीत, सगळा पेशीद्रव एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली, अखंड पट्ट्यासारखा. दोन प्रवाहांच्या मध्ये एक तिरकी, रिकामी रेघ, तिथे हिरवे कणही नाहीत. हिरव्या कणांच्या ओळी भिंतीला चिकटून स्थिर. त्यांच्या आतल्या अंगाने ॲक्टिनचे दोर जातात, एका बाजूचे सगळे एकाच दिशेने तोंड करून. वेग सेकंदाला ५५ मायक्रोमीटर. या वेळी रेघ दोनदा तपासली.

काराचीच भावंड नायटेला. १९८३ मध्ये शीट्झ आणि स्पुडिच यांनी तिची पेशी चिरून उघडली, आतल्या दोरांवर मायोसिन लावलेले बारीक मणी सोडले, आणि मणी चालायला लागले. स्नायूतलं मायोसिन, वनस्पतीतला रस्ता! तरी चाललं.

६ फेब्रुवारी

ऑब्जेक्टिव्ह फिरवताना कव्हरस्लिपला धक्का लागला आणि सगळं थांबलं. क्षणात. आत्ता वाहत होतं, आत्ता फोटो.

मी घाबरून वहीत लिहिलं, "१२:१० : दाबामुळे ॲक्टिनचं जाळं तुटलं." आणि दुसरी फांदी घ्यायला उठले. परत आले तर १२:१६ ला त्याच पेशीत कण पुन्हा सरकत होते, आधी रेंगाळत, मग पहिल्यासारखे.

सहा मिनिटांत सेंटिमीटरभर दोर पुन्हा विणले गेले? मॅडमना वही दाखवली. त्यांनी "जाळं तुटलं" यावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "तू काय पाहिलंस ते लिही." काय पाहिलं? कण थांबले. एवढंच.

धक्क्याने या पेशीत विजेचा झटका उठतो, आपल्या चेतापेशीत उठतो तसा, फक्त संथ. त्याबरोबर पेशीद्रवात कॅल्शियम वाढतं आणि मायोसिन काम थांबवतं. दोर जागेवरच असतात. कॅल्शियम उपसलं गेलं की वाहतूक सुरू. मी सगळे दिवे बंद झालेले बघून घाट खचला असं लिहिलं होतं.

मग १७ डिसेंबर आठवला. थंडीत वेग निम्मा, म्हणून जाळं कमकुवत. तीच चूक. थंडीत मोटरच हळू चालते, एटीपी फोडायची रासायनिक क्रिया मंदावते. जाळ्याबद्दल त्या आकड्याने मला काहीच सांगितलेलं नाही. दोन महिने मी ते वाक्य अहवालाचा मुख्य निष्कर्ष म्हणून सांभाळत होते.

रात्री जेवण गेलं नाही. पण खरं सांगायचं तर प्रकल्प आज सुरू झाला असं वाटतं.

७ फेब्रुवारी

मुद्दाम पाच पेशींना सुईच्या मागच्या टोकाने टिचकी. पाचही थांबल्या. पुन्हा सुरू व्हायला साडेतीन ते आठ मिनिटं. सहावीला जोरात लागली, ती फुटली. ती सुरू झाली नाही. "थांबली" आणि "मोडली" यातला फरक आता माझ्याकडे व्हिडिओत आहे.

१८ फेब्रुवारी

संगणकाकडे परत, पप्पांचा चौकोन डोक्यात ठेवून.

आरपार वाट निघालेलं जाळं घेतलं, काड्यांचे तुकडे स्प्रिंग मानले, सांधे बिजागरीसारखे सैल. वरची कड एक टक्का उजवीकडे सरकवली आणि विरोध किती होतो ते मोजलं. शून्य. काड्या दुप्पट केल्या. शून्य. संगणक "शून्य" म्हणाला तेव्हा आधी वाटलं प्रोग्राम चुकला, तीन दिवस त्यातच गेले. प्रोग्राम बरोबर होता. वाट आरपार गेली म्हणजे जाळं जोडलं गेलं, ताठ झालं असं नाही. मॅक्सवेलचा चार गाठला जात नाही, चौकोन कलतो.

मग काडीला वाकायला विरोध करायची थोडीशी ताकद दिली. अगदी थोडी. लगेच आकडा शून्याच्या वर आला. "नाहीतर अँगलच एवढा जाड पाहिजे की वाकणार नाही."

ॲक्टिन या बाबतीत मधल्या जातीचं आहे. साधारण १० मायक्रोमीटरपर्यंत आपली दिशा राखतं, आणि पेशीतले तुकडे बहुतेक त्याहून बरेच आखूड, म्हणून जवळजवळ सरळ. पेशीतल्या २५ नॅनोमीटर जाडीच्या मायक्रोट्यूब्यूल मिलिमीटरच्या मापात सरळ राहतात, वेळूच म्हणा. मधल्या जाडीचे केराटिनसारखे तंतू मात्र मायक्रोमीटरभरातच दिशा विसरतात, शिजलेल्या शेवयांसारखे.

१ मार्च

एक टक्क्याऐवजी कड पाच, दहा, वीस टक्के सरकवत नेली. सुरुवातीला जाळं लिबलिबीत, नंतर एकदम कडक. चित्रं काढून बघितली : आधी काड्या नुसत्या वळतात, वाकतात, ओढीच्या दिशेला येतात. त्यांची आरपार साखळी झाली की मग खरी ताणायला लागते. मांडवाची ढिली तार अशीच, आधी नुसती सरळ होते, मग ताण घेते. प्रयोगशाळेत ॲक्टिनच्या जाळ्यांवर हे मोजलं गेलंय. रबर साधारण उलट वागेल अशी माझी समजूत होती, पण मॅडम म्हणाल्या रबरही शेवटी कडक होतं, आधी वाच.

सांधे कायमचे नसतात, अल्फा-ॲक्टिनिन सेकंदांच्या मापात सुटतं आणि पुन्हा कुठेतरी धरतं, हे प्रोग्राममध्ये आणायचं होतं. झटका दिला तर कडक, सावकाश ओढलं तर वाहतं, मळलेल्या कणकेसारखं. लॅपटॉपने हात टेकले. अहवालात "केलं नाही" या मथळ्याखाली टाकते.

१२ मार्च

लिखाण. मॅडमनी दोन प्रकरणांची नावं बदलायला लावली. "जाळ्याचं निरीक्षण"च्या जागी "कणांच्या गतीचं निरीक्षण". दुसऱ्यात "जाळं तयार होणं" तोडून दोन केलं : जोडलं जाणं आणि ताठ होणं. थंडीचा तक्ता परिशिष्टात गेला, खाली एक ओळ : हा मोटरचा आकडा आहे.

शेवटी सगळं सपाट पृष्ठावरचं आहे, पेशी तशी नसते, हेही लिहिलं. पेशीच्या पडद्याखालचा ॲक्टिनचा पातळ थर तेवढा त्यातल्या त्यात जवळचा.

२२ एप्रिल

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले सर वयस्कर, शांत. अहवाल बाजूला ठेवून म्हणाले, "दाखव."

काराची स्लाइड तयार होती. बाटली अडीच महिने रूमच्या खिडकीत, पाणी दर रविवारी बदललेलं. सरांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोकस करताना चाक जरा जास्तच फिरलं, ऑब्जेक्टिव्ह कव्हरस्लिपला टेकलं.

"थांबलं," ते म्हणाले. "मोडलं का मी?"

"कण थांबलेत सर," मी म्हटलं आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं.

सव्वाचार मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी काड्यांवरचे तीन प्रश्न विचारून घेतले.